सगुणाच्या गळ्यातला पट्टा

बुधवार, संध्याकाळ. आळे.

सगुणा गाजतेय म्हणे. पुण्याच्या कंपनीसाठी मी काढलेली, मारामारीच्या गेममधली बाई. साडीवर पुरुषी शर्ट, हातात विळा आणि गळ्यात बाहेर खिळे आलेला पट्टा. बहिणीला बिबट्यानं नेलं म्हणून ती लढायला उतरते. पण तिच्या गोष्टीचं कुणाला काय पडलंय? सगळे पट्ट्यावर खूश. 'काय स्टाइल आहे!' आज साहेबांचा फोन आला, पट्टा सोनेरी कर, नाहीतर काढून टाक, गळा दिसू दे जरा. मी 'बघतो' म्हणालो. 'बघतो' काय? थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं, तरी 'बघतो'.

तो पट्टा आईचा आहे. उसाच्या कडेला बिबट्यानं काकीची मान धरली, तेव्हापासून आई पट्ट्याशिवाय रानात जात नाही.

मघाशी तिला मोबाइलवर गेम दाखवला. सगुणा पटकन खाली बसली, समोरच्याची लाथ डोक्यावरून गेली.

"आरं, ही बसली कशाला?"

"खाली बसलं की मार चुकतो, आई."

"तुझी काकी बसलीच व्हती की, गवत कापाया. उभ्या माणसाला त्यो बिचकतो. बसलेलं त्याला शेरडावानी दिसतं."

इथंच वाढलो मी. आणि जीव वाचवायला खाली बस, हे सगुणाला मीच शिकवलं!

आई आता ओट्यावर पट्ट्याचे खिळे दगडावर घासतेय. सकाळी म्हशीला गवत आणायचंय.

गवत उभ्यानं कापता येत नाही.