चार पदरी लोकर

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

परंडा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९४५

गं. भा. पार्वतम्मा हीस परंड्याहून गंगम्माचा शरणार्थ व आशीर्वाद.

इकडं खुशाली जेवढी असायची तेवढी आहे. अव्वाचे गुडघे थंडीनं धरलेत, माडीवर चढताना दोनदा बसती. म्हैस व्याली, रेडी झाली. किल्ल्याच्या अंगाला आपलं जोंधळ्याचं रान आहे, तिथं पाखरांनी उच्छाद मांडलाय अन् राखणीला माणूस मिळंना. दुकान काकाच बघतात. अव्वा रोज एकदा तरी विचारती, पार्वतीचं पत्र आलं का? मी न्हाई म्हणते.

व्यंकट गुरुजी, पार्वतीला अक्षर येत न्हाई, तवा हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. आधीची तीनही तुम्हीच वाचली असतील. मनचं काही घालू नका अन् गाळूही नका. लिहिलंय तसं वाचा.

पार्वती, तुला माकणीला जाऊन दहा महिने झाले. तीन पत्रांना एक उत्तर न्हाई. राग असेल, असू दे. तुझा राग मुळातच मुका, माझा तोंडाळ. पण आज नवीन सांगण्यासारखं आहे म्हणून बसले लिहायला.

मागच्या आठवड्यात अव्वाचं औषध आणायला मिशनच्या दवाखान्यात गेले होते. आपल्याला स्वेटराचा छापील कागद देणाऱ्या अमेरिकेच्या मिस बाई अजून तिथंच आहेत. लढाई संपली तरी त्यांच्या सुया काही थांबल्या न्हाईत. मला बघताच म्हणाल्या, "काय गंगम्मा, भावाला स्वेटर बरोबर झाला का?" मल्लू पलटणीतनं परत आलाच न्हाई, हे त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! मी चंचीतनं लोकरीच्या लडीवरची कागदाची पट्टी काढली अन् त्यांच्यापुढं धरली. ती अजून का ठेवली होती ते विचारू नको.

बाईंनी चष्मा लावून पट्टी वाचली अन् कपाळाला हात लावला. "अगं, ही तर विलायतची लोकर! माझा कागद अमेरिकेचा!"

मी म्हटलं, लोकर ती लोकर. कागदात चार पदरी लिहिलं होतं, काकांनी सोलापुरातनं चार पदरीच आणली. तवा त्यांनी स्वतःच्या टोपलीतनं अमेरिकेचा चार पदरी धागा काढला अन् आपल्या पट्टीला चिकटून राहिलेला तुकडा त्याच्याशेजारी ठेवला. पार्वती, काय सांगू! त्यांचा धागा सुंभासारखा जाड अन् आपला जानव्यासारखा बारीक. पदर दोन्हीला चारच. तिकडं प्रत्येक पदरच जाड असतो म्हणे. अन् सुयांचं तर त्याहून उफराटं. अमेरिकेत आकडा वाढला की सुई जाड, विलायतेत आकडा वाढला की सुई बारीक! आपण आठ नंबरच्या सुया आणल्या, त्या विलायती. म्हणजे धागाही बारीक, सुईही बारीक अन् टाके मात्र जाड लोकरीचे मोजलेले. मग स्वेटर पोरासोराचा होणार न्हाई तर काय!

आपला निजामाचा हाली रुपया अन् बार्शीचा इंग्रजी कलदार, तसलंच हे. नाव दोन्हीचं रुपयाच, पण तिकडच्या बाजारात हाली टाकून बघ, कोण घेतंय!

तवा चूक तुझी न्हवती. माझीही न्हवती. दोन देशांनी एकाच नावाच्या दोन वस्तू केल्या, त्यात आपण सापडलो. एवढी लोकर का उरली तेही आता उमगलं. त्या वेळी घरात जी काही बोलाचाली झाली ती विसरून जा.

वाशीची प्रेमामावशी आली होती. तिची दोन्ही गावांत सोयरीक, जिभेला हाड न्हाई. ती सांगत होती की माकणीत लग्नघरी तुला कोठीच्या खोलीत जाऊ देत न्हाईत, लोकरचोर म्हणतात. तुझी भावजयसुद्धा किल्ल्या कमरेला लावून झोपती म्हणे. मला वाईट वाटलं. महांतप्पाला हे पत्र ऐकव, म्हणजे तुझ्या भावाला तरी कळंल की दोष लोकरीचा होता.

अव्वाचा आशीर्वाद. थंडीचं जप.

तुझी वन्सं,
गंगम्मा


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

परंडा,
पौष वद्य अष्टमी, सन १९४६

पार्वती,

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तुझं कार्ड आलं. दोनच ओळी. "पत्र पोचले. ट्रंकेत आणखी काय होते ते पत्रात आले नाही." अक्षर गुरुजींचं, पण बोल तुझे. एवढ्या वर्षांत तू मला उलटून बोललेली ही पहिलीच वेळ. बरं केलंस बाई.

आठ दिवस ते कार्ड लुगड्याच्या घडीत ठेवलं. अव्वाला दाखवलं न्हाई. उत्तर काय लिहावं ते सुचत न्हवतं असं न्हाई. काय लिहायचं ते मला चांगलं ठाऊक होतं.

मागच्या पत्रात मी दोन देशांना दोष देऊन हात धुऊन मोकळी झाले. देशांचा घोळ खराच आहे. पण देश काय आपल्या ओसरीवर बसले होते? तुला दिसत होतं. डोळे माझे, हात तुझे असं आपलं चाललं होतं. मी कागद वाचायची, तू टाके घालायचीस, अठ्ठ्याऐंशी. स्वेटराची पाठ निम्मी झाली तवा तू मल्लूचा सदरा आणलास, त्यावर ती पसरलीस अन् म्हणालीस, "वन्सं, वीतभर कमी पडतंय. टाके वाढवू का?"

मी काय म्हटलं? "मिस बाईपेक्षा शहाणी झालीस व्हय? लोकर ताणती. छापलेलं कधी चुकतं का?" चार बुकं शिकल्याची मस्ती, दुसरं काय. तू मान खाली घालून विणलंस.

मग मल्लूचं पत्र आलं. सगळ्यांना वाचून दाखवायचं काम माझंच. त्यात लिहिलं होतं, "अक्का, स्वेटर डोक्यातनंच खाली उतरंना." तिथंच मी कागद घडी केला. पुढच्या ओळी आज लिहिते, पार्वती, नीट ऐक: "पार्वतीला रागावू नका. ती नवी शिकतीय. इथं बर्फ पडतंय. जमलं तर तिच्याच हातचा दुसरा धाडा."

तिच्याच हातचा! तो सात वर्षांचा असल्यापासून मी त्याला वाढवलं. नवरा गेला, मी माहेरी आले, तवापासून मल्लू हाच माझा संसार. त्याच्या पत्रात गंगम्माचं नाव मायन्यापुरतं अन् मायना संपला की पार्वती. मला ते सोसत न्हवतं. हे मी कुणाला सांगितलं न्हाई, स्वतःलासुद्धा.

पत्र वाचल्यावर मीच अव्वापुढं म्हटलं, दीड रत्तल लोकर आणली अन् स्वेटर पोराचा, मग बाकीची गेली कुठं? तू धुणं घेऊन नदीला गेली होतीस. मी तुझी ट्रंक उघडली. वर इरकली लुगडं, त्याखाली लोकर. अन् लोकरीत सुयांवर चढवलेली पाठ, चांगली रुंद, पुऱ्या मापाची, काखेपर्यंत आलेली. सदरा टाकून बघायची गरज न्हवती. पत्र यायच्या आधीपासनं, कागदावाचून, आपल्या नजरेनं तू दुसरा स्वेटर विणत होतीस. माझ्या भीतीनं लपवून.

मी सुया ओढून काढल्या अन् धागा धरून ओढला. सगळं सरसर उसवलं. त्याचे गुंडे करून अव्वापुढं टाकले अन् म्हटलं, "बघ, सुनेच्या ट्रंकेत सापडलं. माहेरी धाडायला दडवलं होतं." तू तवा दारात येऊन उभी होतीस. हात ओले होते. गुंड्यांकडं बघितलंस, मग माझ्याकडं.

का गं बोलली न्हाईस? माझ्या झिंज्या धरायच्या होत्यास! एक शब्द बोलली असतीस तरी माझं उघडं पडलं असतं. का तुला वाटलं की नणंदेपुढं सुनेचं कोण ऐकतंय? तसं वाटलं असेल तर खरंच होतं ते.

पुढं महिनाभरानं शिवरात्रीला तार आली. न्यूमोनिया. दुखवट्याला आलेल्या बायकांपुढं मी तुला चोरटी म्हटलं. हिच्या चोरीनं माझा भाऊ गारठून गेला म्हणून ऊर बडवला. प्रेमामावशी तिथंच बसली होती. महांतप्पा तुला न्यायला आला तवा तू जाताना माझ्या पाया पडलीस. मी पाय मागं घेतले.

कार्ड आल्यावर परत मिस बाईंकडं गेले. विचारलं, नीट स्वेटर असता तर वाचला असता का? म्हणाल्या, न्यूमोनियापुढं स्वेटराचं काय चालतं! पोचायलाच महिना लागला असता. ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं, न्हाई वाटलं. तो कशानं गेला ते देवाला ठाऊक. पण तो तिकडं कुडकुडत होता, तू इकडं विणत होतीस अन् मी उसवलं. हे काही मिस बाईंच्या सांगण्यानं पुसलं जात न्हाई.

गेल्या रविवारी अव्वाला सगळं सांगितलं. ती जात्यापाशी बसली होती. तिनं जात्याचा खुंटा सोडला. मग विचारलं, "उसवायला किती वेळ लागला तुला?"

म्हटलं, "घटकाभर."

"अन् तिला विणायला?"

"तीन आठवडे झाले असतील."

अव्वानं परत जात्याचा खुंटा धरला. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत न्हाई. भाकरी माझ्याच हातची खाती, दुसरं करणार कोण! पण पुढ्यात ताट ठेवलं की तोंड भिंतीकडं करती. मला ते पटतं. सोमवारी मठात बायका जमल्या, तिथंही सांगितलं. वाशीला निरोप धाडून प्रेमामावशीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती तोंडाला पदर लावून बसली, अन् म्हणाली, "गंगम्मा, हे आता कशाला उकरायचं?" मी म्हटलं, पसरवताना पाय दुखले न्हाईत, आता हेही तितक्याच गावांना सांगून ये.

तुला परत ये म्हणत न्हाई. मला तो अधिकार न्हाई. अव्वाला तू हवी आहेस, पण ते तिचं ती सांगंल. लोकर माझ्या पेटीत आहे, मी तिला हात लावलेला न्हाई. मागितलीस तर धाडीन. मल्लूचं ते पत्र मात्र सोबत धाडते. ते तुझं होतं. गुरुजींकडनं पुरं वाचून घे.

व्यंकट गुरुजी, हे पत्र आधी तिला एकटीला वाचून दाखवा. मग तिला विचारा. ती न्हाई म्हणाली तर घडी करून तिच्या हातात द्या अन् विसरून जा. व्हय म्हणाली तर सोमवारी महादेवाच्या देवळापुढं, बाया-माणसं असताना, मोठ्यानं वाचा. तिची भावजय पुढं बसंल असं बघा. मध्ये कुणी रडलं तरी थांबू नका.

पार्वती, तू काही चोरलं न्हाईस. तुझी वन्सं म्हणून सही करायला हात धजत न्हाई. गंगम्मा गावोगावी आहेत, माझा आळ भलतीवर जायला नको, म्हणून माकणीकरांसाठी पुरं नाव लिहिते.

खोटं बोललेली,
गंगम्मा गुरुलिंग शेटे,
मयत मल्लिकार्जुनाची थोरली बहीण, राहणार परंडा