मी न दिलेला होकार

जेजू बेट,
नववर्षाच्या पूजेआधी सहा दिवस

प्रिय ताई,

लष्करातून सुटून मला घरी येऊन पाच दिवस झाले. तुझ्या दारावरून दोनदा गेलो, आत आलो नाही. समोर बसून बोलणं जमणार नाही, म्हणून लिहितो आहे. हा तिसरा कागद. सहावीत शाळा सुटली तरी तुझ्यापुढे चुकीचं अक्षर ठेवायला मला अजून लाज वाटते. अक्षरं मला तूच शिकवलीस.

वाऱ्याने दक्षिणेकडे झुकलेलं देवीचं झाड दिसलं की उतरायचं, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. झाड दिसलं नाही, म्हणून मी बसमधून उतरलोच नाही. पुढच्या थांब्यावरून चालत मागे आलो.

आई शंख-शिंपले काढायला समुद्रात बुडी मारायची तेव्हा मी किती घाबरायचो, आठवतं? तू मला झाडाकडे न्यायचीस. कोरा पांढरा कागद छातीशी धरायला लावायचीस आणि मग फांदीला बांधायचीस. काहीच लिहिलेलं नाही, मग देवीला कसं कळणार, म्हणून मी रडकुंडीला यायचो. तू म्हणायचीस, "गाढवा, तीही आपल्या आईसारखीच, तिला कुठे वाचता येतं? छातीला लावलास ना? झालं!" मग मी मुळांत बसून खालच्या समुद्राकडे कान लावायचो. आई वर आली की शीळ घालून श्वास सोडायची. दोन शिळांच्या मधे मी आकडे मोजायचो. चाळिसाच्या पुढे गेलो की पाठीमागच्या खोडातून आणखी कुणीतरी माझ्याबरोबर मोजतंय असं वाटायचं आणि भीती जायची. देव म्हणून मला जे माहीत आहे ते एवढंच. लष्करात पाद्री आले, भिक्षू आले. चांगलं बोलले. माझ्याबरोबर मोजलं कुणीच नाही.

परवा गावातल्या चुनवोल आजीने वाटेत अडवलं. "या साहेब! लष्करात बंदूक शिकवतात असं ऐकलं होतं, कुऱ्हाडही शिकवतात होय?" मला कळेना. तेव्हा म्हणाली, "भोळा बनू नकोस. तुझ्या शिक्क्याशिवाय त्या जमिनीला हात लावायची कुणाची छाती होती?"

कचेरीत जाऊन जमीन रस्त्यासाठी विकल्याचा कागद पाहिला. झाडाखालची जमीन चार घरांची, बाबांच्या मागे आपला हिस्सा माझ्या नावावर. सहीच्या जागी चार नावांचे चार शिक्के होते, माझा तिरका. मी आयुष्यात शिक्का तिरका उठवलेला नाही, ताई. आईच्या औषधपाण्याला लागला तर असावा, म्हणून लष्करात जाताना तो तुझ्या हातात दिला होता. झाड तोडून काढलेला नवा रस्ता भावोजींच्या संत्र्यांच्या बागेपाशी जातो आणि तिथेच संपतो.

एवढंही मी गिळलं असतं. बागेत ट्रक जायला हवा, भावोजींनी तगादा लावला असेल, असं तुझ्या बाजूने मीच मला समजावत होतो. पण आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि उठून जाते. काल एकदाच म्हणाली, "पत्रात होकार कळवण्याआधी मला एका शब्दाने विचारायचंस तरी." गेल्या मार्चमधल्या त्या पत्रात मी बर्फाबद्दल लिहिलं होतं, फाटलेल्या मोज्यांबद्दल लिहिलं होतं. मी आधी कच्चं लिहून मग पक्कं करतो, त्यामुळे मला ओळ न् ओळ पाठ आहे. झाडाचं त्यात नावही नव्हतं. आईला ते वाचून दाखवलंस तू.

सहा दिवसांनी गावच्या बायका उरलेल्या बुंध्यापाशी पूजा मांडणार आहेत. आईही जाईल. तू ये, आणि ते वाक्य पत्रात नव्हतं असं तिला सांग. मीही सांगू शकतो, पण मी सांगितलं तर ती चुगली होईल, तू सांगितलंस तर कबुली. तू आली नाहीस तर मी तोंड उघडणार नाही. देवीचं झाड मुलाने विकलं असं समजूनच आई मरेल. तुला ते चालेल का, एवढं विचारायला हे पत्र लिहिलं.

अजून तरी तुझाच,
मान्सोक