तुझे बूट, माझं नाव

दादा,

बूट शोधतो म्हणून आत आलोय आणि तुला लिहीत बसलोय. बाहेर फुटबॉल संघटनेचा माणूस चहा पितोय. सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाने परदेशात आजवर काय काय केलं, त्याचं पुस्तक निघतंय. उपांत्य फेरी आपण एकदाच गाठली, तीही तुझ्या गोलमुळे. पुस्तकात मात्र नाव माझं आहे.

तू एकोणीस वर्षांचा होतास, म्हणून बाबांनी माझा जन्मदाखला दाखवून तुला पाठवलं. महिनाभर मी मावशीकडे लपून होतो. तू परत आलास तेव्हा मानपत्रावरही माझंच नाव होतं. बाबांनी ते भिंतीवर लावलं आणि तू घर सोडलंस.

"गोल डाव्या पायाने ना?" संघटनेच्या माणसाने मघाशी विचारलं. मी हो म्हणालो. मी जन्मात कधी चेंडूला पाय लावलेला नाही. खरं सांगितलं तर तो निकालच रद्द होईल, आणि बाकीच्या दहाजणांनी काय कुणाचं घोडं मारलंय? गप्प बसलो तर तुझा गोल कायमचा माझा होईल.

त्याला गोल मारलेल्या त्याच बुटांत माझा फोटो हवाय. आईने ते अजून पुसून ठेवलेत. घालून पाहिले, तर दोन बोटं मोकळे राहतात आणि चालताना टाच बाहेर येते.

आई हाका मारतेय. हे पत्र मधोमध फाडलं की दोन्ही बुटांत कोंबायला पुरेल.

तुझा,
धाकटा