एक गोळा गरम

रविवार, ८

कागदी कप नकोत. स्टेपलरच्या पहिल्याच दाबाला मान टाकतात. चहाचे पांढरे प्लॅस्टिकचेच बरे.

भाची आणि मी दुपारभर दादाकडे जेवणाच्या टेबलावर. कप आडवे ठेवायचे, बुडं आत, तोंडं बाहेर, कडेला कड लावून स्टेपल. गोल पुरा झाला की त्यावर दुसरी रांग. ती आपोआप आत झुकते. असे दोन अर्धे गोळे. प्रत्येक बुडाला तापल्या सळीने भोक पाडून आतून एकेक दिवा सारायचा, मग दोन्ही अर्धे जोडून टाकायचे. पहिला लावून पाहिला तर वहिनी ओले हात घेऊनच धावत आली. "अगं बाई! आणि हे लोक विकत घेतात?"

शनिवारी सकाळी भाचीच्या लग्नाची नोंदणी, संध्याकाळी दादाच्या गच्चीवर जेवण. बाकी सगळं दादाने ठरवलं आहे, अगदी मुलगासुद्धा. गोळे तेवढे तिचे.

मंगळवार, १०

इलेक्ट्रिशियन दिव्यांच्या उरलेल्या माळा देऊन गेला. जाताना एक वेगळी काढून माझ्या हातात दिली. "ताई, ही जुन्या दिव्यांची आहे. तापते. दारावर सोडा, पण कपात कोंबू नका." बाकीच्या माळांची जुळी बहीणच! तोच तांदळाएवढा दिवा, तोच पिवळा उजेड. खुर्चीच्या पाठीवर टाकली.

बुधवार, ११

अंगठा सुजला. औषधांच्या दुकानात दिवसभर डाव्या हाताने गोळ्या मोजून दिल्या. एक गिऱ्हाईक म्हणालं, "यावर तुमच्याच दुकानात काही मिळत नाही का?"

गुरुवार, १२

सगळे गोळे बंद करून झाले, गच्चीवर टांगूनही झाले. संध्याकाळी क्षणभर लावून पाहिले. फार सुंदर. दादा शेजाऱ्यांना हाका मारत सुटला. भाची मान वर करून नुसती बघत राहिली. होणाऱ्या जावयाचा फोन आला तर म्हणाली, "नंतर करते." थकली असेल.

घरी आले, कपडे बदलले, आणि एकदम आठवलं. निघताना खुर्चीच्या पाठीवर काही नव्हतं. ती तापणारी माळ गेली कुठे?

दारावर तर लावलेली नाही. मग कुठल्यातरी गोळ्यात. की वहिनीने उचलून ठेवली? फोन केला. "नाही बाई, मी टेबलाला हातच लावला नाही."

आता काय करू? मी माझ्या शंकांना ओळखून आहे. जिन्यावरून परत फिरून गॅस बघणारी मीच, बंद कुलूप पुन्हा पुन्हा ओढणारी मीच. दादा उगाच शंकासुर म्हणत नाही. लग्न परवावर. बोलले तर सगळ्यांच्या आनंदावर विरजण. नाही बोलले तर प्लॅस्टिकचा तापलेला गोळा, आणि खाली माणसं. पण हे खरंच त्या माणसांसाठी वाटतंय की मला चैन पडावी म्हणून? प्रामाणिकपणे सांगायचं तर कळत नाही. दोन्ही असेल.

शुक्रवार, १३

सांगितलं! सकाळीच गेले, चप्पल काढता काढता सांगून टाकलं.

दादा पेपरातून मान वर न काढता, "आला शंकासुर! एकही गोळा खाली उतरणार नाही. सांगून ठेवतो."

"उतरवू नकोस. अर्धा तास लावून ठेव. मी शिडीवरून हात लावून बघते."

"ताप बघणार? थर्मामीटर देऊ?"

"अहो, बघू द्या ना तिला," वहिनी म्हणाली. "तेवढं तरी शांत झोपेल."

भाचीने शिडी धरली. एक गोळा गार. दुसरा गार. पुढचे गार, गार, गार. दादा खाली खुर्ची टाकून, "पेशंट ठणठणीत!" माझे कान लाल. उतरावं असं वाटायला लागलं. तेवढ्यात भाचीने खालून हळूच विचारलं, "आत्या, एकही गरम निघाला नाही तर?"

"तर सगळे हसतील."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

टाकीच्या बाजूच्या गोळ्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. गरम! आतून करपट वास. दादाने उठून बटण बंद केलं, स्वतः गोळा उतरवला, पक्कडीने स्टेपल काढून उघडला. आतली बुडं मेणासारखी बसली होती, मधली तपकिरी झाली होती. मग दादाच म्हणाला, "सगळे उतरवा. सगळेच उघडून बघू."

बाकी सगळे ठीक निघाले. पुन्हा जोडून टांगेपर्यंत दुपार झाली. आत कसं हलकं हलकं! दादा जिन्यापर्यंत सोडायला आला. "बरं झालं बोललीस," एवढंच म्हणाला. माझ्याकडे न बघता.

घरी येऊन जेवले आणि ताटावरच डुलक्या.

शनिवार, १४

लग्न झालं नाही.

सकाळी सगळे तयार होऊन बसले असताना भाची म्हणाली, "बाबा, आत्याला एका माळेची शंका आली तर तुम्ही सगळे गोळे उतरवून पाहिलेत. मला महिनाभर शंका येतेय. मला एकदा विचारा ना." दादाने विचारलं. बराच वेळ लागला त्याला, पण विचारलं. मग मुलाकडे फोन त्यानेच केला.

वहिनी रडतेय. नातेवाईक माझं नाव घेतील. घेऊ देत. पोरगी माझ्याकडे येऊन झोपली आहे, भर दुपारी, पलंगभर हातपाय पसरून, चक्क घोरतेय.