दमयंतीची थैली

उमरोळी, फाल्गुन शुद्ध दशमी, १९६७

तीर्थरूप आत्मारामदादांच्या चरणी वामनचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघ्याला निर्गुडीचा शेक चालू असेल, थंडी सरल्यामुळे दुखणेही उतरले असेल, अशी आशा आहे. आईंना अलीकडे दिसत नाही असे कळले. म्हणून विनंती, हे पत्र आधी एकट्याने वाचावे आणि त्यांना काय सांगायचे ते मग ठरवावे. मी बरा आहे, म्हणजे पूजा करतो, जेवतो, झोपतो. बोईसरच्या रस्त्याने वीजकेंद्राचे ट्रक दिवसभर जातात आणि आमच्या चिकूंवर धूळ बसते. पूर्वी दमयंती त्या धुळीवर कुरकुरायची. आता झाडेच काय ती गप्प उभी असतात.

तुमच्या भगिनीने माहेराच्या आणि उमरोळीच्या पलीकडचे जग पालघरच्या बाजारापुरतेच पाहिले. पण कॅलेंडरवरचा नेपाळचा पशुपतिनाथ पाहिल्यापासून तिचा एकच ध्यास होता. जिवंतपणी मला नेता आले नाही (भाताची कापणी, चिकूची तोडणी, नेहमीची कारणे), म्हणून अस्थी तरी तिथल्या नदीत सोडाव्यात असे ठरवले. चौदा महिने थैली विहिरीवरच्या खोपीत टांगलेली होती, कारण अस्थी घरात आणत नाहीत. थैली तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची, मीच शिवलेली. पालघरहून यात्रेकरूंची मंडळी महाशिवरात्रीला नेपाळला निघाली, त्यांच्यात मीही निघालो.

तुम्ही एडनपर्यंत बोटीवर हिंडलेले, म्हणून तुमचा सल्ला मागवला, आणि तुमचे चार पानी पत्र मी पोथीसारखे वाचले. परदेशात खिसेकापू फार. पैसे बंडीच्या आतल्या चोरखिशात ठेवावेत. वरच्या खिशात बिनमोलाचे काहीतरी फुगवून ठेवावे, म्हणजे चोर फसतो. आणि मुख्य म्हणजे गर्दीत खिशाकडे हात नेऊ नये, कारण चोर खिसा पाहत नाही, हात पाहतो. सगळे पटले. अडचण एवढीच की अस्थी कमरेखाली ठेवता येत नाहीत, चपलांजवळच्या पिशवीत तर नाहीच. चोरखिशात थैली मावेना. उरला छातीवरचा खिसा, म्हणजे तुमच्या हिशेबी बिनमोल वस्तूंचा. तिथे मी दमयंतीला ठेवले आणि तीन टाचण्या लावल्या. थैली उघडून पाहण्याचे धाडस मात्र झाले नाही.

हात काही केल्या आवरेना. गाडीला धक्का बसला की छातीकडे, घाटात बस वळली की छातीकडे. बसमध्ये शेजारी बोईसरच्या साखरबाई होत्या. त्या दहाव्यांदा म्हणाल्या, "भावजी, काळीज दुखतंय का सोनं नेताय? काय ते एकदा सांगा, म्हणजे मी तरी झोपेन." रात्रभर मनातल्या मनात दमयंतीशी बोलत होतो. जे वीस वर्षांत बोललो नव्हतो, तेही बोललो.

देवळाच्या दारात लोटालोटी होती. तिथेही हात छातीवरच होता. पण समोर देव आला आणि मी दोन्ही हात जोडले. (हात न जोडता नमस्कार कसा करावा, हे तुमच्या पत्रात नव्हते.) डोळे उघडले तो खिशाला भोक. टाचण्या तिन्ही जागच्या जागी, अंगावर ओरखडा नाही. चोरखिशातले पैसे जसेच्या तसे.

चौकीत शिपायाने मोडक्या हिंदीत विचारले, "क्या गया?" मी म्हणालो, "मेरी घरवाली." त्याने पेन खाली ठेवले. देवळाच्या दारातच माझ्याकडून सारे ऐकलेल्या साखरबाईंनी समजावून सांगितल्यावर पुन्हा उचलले आणि विचारले, "कीमत?" दादा, तो कागद तिथे अजून अर्धाच असेल.

येताना साखरबाई मला हसवायला म्हणाल्या, "अहो, चोरही हळहळला असेल हो, तो काय, नदीतच सोडील." मीही तेच धरून बसलो आहे. देवाच्या दारातले चोर देवाचेच, असे मानावे म्हणतो. पण झोप लागत नाही. आईंना काय सांगावे ते तुम्हीच सांगा.

आपला,
वामन

ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवले होते, ते पुन्हा उघडले. आज वाडीत राबणारी भागी खोपीतून ओरडली, "आवं दादा, बाय तं हतंच हाय! तुमी पडवलाचं बी नेलंत!" दमयंती बियांच्या थैल्या त्याच लुगड्याच्या शिवायची, हे मी विसरलो होतो. पावसात खोपी गळली तेव्हा भागीने थैल्यांची जागा बदलली होती. म्हणजे नेपाळपर्यंत मी बियांशी बोललो, आणि ती इथेच माझी वाट पाहत राहिली. पुन्हा तेवढे लांब जाणे माझ्याने होणार नाही. पौर्णिमेला तिला घेऊन तुमच्याकडे केळव्याला येतो. आपल्याच समुद्रात सोडू, आईंच्या हाताने. म्हणजे काही सांगायलाच नको.

ता. क. दुसरा. गेले ते बी तिने शेवटच्या वर्षी स्वतः वाळवलेले होते. इकडे आता एकही दाणा नाही. दरवर्षी ती तुम्हालाही पाठवायची. तुमच्या बियांच्या मडक्याच्या तळाशी चार दाणे सापडले, तर ते माझ्यासाठी राखून ठेवा. परत येताना मी ते रुमालात बांधून कमरेला खोचीन आणि उमरोळी येईपर्यंत तिकडे हात नेणार नाही.