टॅक्सीच्या बॅटरीवरचा उजेड

शनिवार, परळ

माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या रायफलची आज नीट तपासणी झाली. झाली नसती तर बरं झालं असतं.

मागच्या वेळी नेमबाजी क्लबच्या ट्यूबलाइटखाली छऱ्याचा वेग मोजणारं यंत्र दर वेळी भलताच आकडा दाखवत होतं. सुमी लगेच म्हणाली, "बघ ताई, रायफलच खराब आहे. उगाच मला बोलतात." माझा संशय ट्यूबवर होता. तिचा उजेड सतत लुकलुकतो, यंत्र फसतं.

म्हणून आज बाबांनी टॅक्सी क्लबच्या शेडच्या दाराशी आणली. गिरणी गेल्यापासून ते तीच चालवतात. मी त्यांना इंजिन बंद ठेवायला सांगितलं, बॅटरीला चिमटे लावले, यंत्रावर दोन बल्ब बांधले. उजेड स्थिर. आकडेही स्थिर. रायफल वाइसच्या लोखंडी पकडीत आवळून झाडली, तर सगळे छरे एकाच भोकात.

म्हणजे दोष रायफलचा नाही. सुमीचा रायफल पेलणारा डावा हात थरथरतो. आणि संघाची निवड उद्या आहे.

बॉनेटपाशी उभे असलेले बाबा म्हणाले, "उजेड कमी पडता काय गो? आणखी एक दिवो लावूया?"

"नको, बाबा. पुरेसा आहे."

तरी ते चिमटा दाबून धरून उभे. सैल नव्हता तो, मी स्वतः तपासला होता.

"यंत्र चुकत असेल ना, ताई?" सुमीने विचारलं.

दिव्याचं मला जमतं, हाताचं काय करू?

आवरायला घेतलं, दुसरा चिमटा काढला. दिवे विझले. बाबांनी त्यांचा चिमटा तरीही सोडला नाही.