पापण्यांची नमाज

पनवेल, १९८९

प्रिय यूनुसभाई,

अस्सलामु अलैकुम. सलाम आधीच लिहून टाकला, कारण पुढे हातून काय काय लिहिलं जाईल याचा भरवसा नाही.

करंज्याच्या शाहीदबरोबर पाठवलेली तुझी कॅसेट मिळाली. पोराचा आवाज ऐकायचा म्हणून शेजारच्या कृष्णाबाईसुद्धा अम्मीजवळ येऊन बसल्या होत्या. मीच मूर्ख, आधी एकटीने ऐकायला हवी होती. खुशाली दोन वाक्यांत उरकलीस आणि अम्मीला दीन-धरम शिकवायला बसलास. बिछाना पाक नाही, नमाजआधी हातपाय धुवायचा वुजू नीट नाही, सजदा नाही, मग ती नमाज कसली? सौदीत दम्मामला जाऊन मोठा आलिम झालास! लहानपणी तुला गदागदा हलवून पहाटे फज्रच्या नमाजला उठवायची ती हीच बाई. लकवा मारल्यापासून जीभ आणि डोळे तेवढे तिच्या ताब्यात राहिलेत. बिछाना मी दिवसातून तीनदा बदलते, तुला तिकडे बसून त्याचा वास कसा आला? मौलवीसाहेबांनी घरी येऊन तिला शिकवलं होतं. पापण्या जरा झुकवल्या की कमरेत वाकायचा रुकू, मिटल्या की कपाळ टेकायचा सजदा. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती हसली होती.

आणि तोच तू! चार वर्षांपूर्वी तो अरब शहजादा अंतराळात गेला, तेव्हा छाती फुगवून अख्खी कॅसेट भरली होतीस. तिथे वजन नाही, दीड तासाला सूर्य उगवतो, मक्केकडचा किबला पायाखालून पळतो, तरी माणूस पाय कुठेतरी अडकवून नमाज पढतो; अल्लाने सवलत दिलीय, जमेल तशी पढावी. अम्मीने ती कॅसेट येईल-जाईल त्याला ऐकवली. शहजाद्याला सवलत आणि आईला नाही? तो आठवड्यात खाली उतरला. अम्मी कुठे उतरणार आहे?

नुसतं भांडायचं असतं तर मी तुझ्या येण्याची वाट बघितली असती. पण तुझी ही कॅसेट ऐकल्यापासून अम्मीने नमाज सोडली आहे. "माझी नमाज होत नाय," एवढंच बोलते. मौलवीसाहेब दोनदा समजावून गेले, मी रडले, ओरडले. यूनुस बोलला म्हणजे खरंच, हे तिच्या डोक्यात बसलंय. अजान सुरू झाली की डोळे ताणून छताकडे बघत राहते, पाणी येईपर्यंत. चुकून सजदा होईल म्हणून पापणी मिटू देत नाही. ये म्हणत नाही, तुझं सुट्टीचं रडगाणं मला पाठ आहे. फक्त कॅसेट भर. माफी माग आणि 'अम्मी, तुझी नमाज होते' एवढं तुझ्या तोंडाने बोल. तिला दुसऱ्या कुणाचा आवाज चालत नाही.

संतापलेली, तरी तुझीच बहीण,
आफरीन